दाराचं माप

दिनू, दार कापलं. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. किती उंच कापलं ते मात्र लगेच सांगणार नाही. सहा वर्षं तू मला दारांवरून छळलंस, आता जरा तू थांब.

तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. भेटायला येणारे अजून येतायत. आधी शेवटच्या तीन दिवसांचं विचारतात, मग पंख्याकडे बघत बसतात, आणि मग हळूच म्हणतात, "दिनूभाऊ नक्की काय काम करायचे हो?" बत्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी, अवघड ते सोपं करून सांगण्यात जन्म गेला. पण तुझं काम सांगताना माझी फजिती होते. मी सांगते, टेबलावर खेळायचा एक खेळ असतो. चार-पाच मोठी माणसं बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, चेटकिणी, चोर होतात आणि फासे टाकत पुढे जातात. त्यांचे बोटाच्या पेराएवढे बाहुले असतात. त्या बाहुल्यांना हिंडायला गावं लागतात, पडके किल्ले, पूल, सराया लागतात. ते सगळं आमचा दिनू करायचा. एवढं सांगून होईतो चहा गार होतो. परवा शेजारच्या सरलाबाई म्हणाल्या, "म्हणजे मोठ्या माणसांची भातुकली." मी हो म्हटलं. तू असतास तर तूही हो म्हणाला असतास, आणि त्यांना आतल्या खोलीत नेऊन एखाद्या सरायचं छत उचलून दाखवलं असतंस. चुलीवरचं तांदळाच्या दाण्याएवढं पातेलं, त्यात उतू जाणारं दूध, आणि खाली वाट बघत बसलेली मांजर.

हे वेड घरात आणलं माझ्याच विद्यार्थिनीनं, हे मी कधी नाकारलं नाही. तोवर तू गणपतीची मखरं करायचास. आपल्या राजपुऱ्यातल्या निम्म्या घरांचे गणपती तुझ्या महालात बसायचे. मग थर्मोकोल बंद झालं आणि तू दोन महिने नुसता खिडकीत बसून राहिलास. मला वाटलं, आता हा माणूस हातातून जातो. त्या दिवाळीत मनीषा आली, माझ्या दहावीच्या वर्गात होती ती, पुण्याला नोकरी करणारी. माळ्यावरचं जुनं मखर बघून तिथेच थबकली.

"काका, हे तर सेम आमच्या गेमसारखं आहे. तुम्ही एक सराय बनवाल का? डोंगरातली, थंडीवाली. आमची पब्लिक पागल होऊन जाईल."

तू म्हणालास, "थंडी आम्ही बघितली कुठे बेटा? पर फोटो दे, हो जाएगा."

आणि झालं. पहिल्याच घराला धुराडं हवं होतं. तुला धुराडं माहीत होतं ते फक्त कापसाच्या जिनिंग कारखान्याचं. लहानपणापासून खिडकीतून तेच दिसायचं आपल्याला. तू त्या बिचाऱ्या सरायच्या मागे घराच्या तिप्पट उंच, गोल, विटांचं, लोखंडी कड्या घातलेलं धुराडं उभं केलंस, वर कापसाचा धूर. मी म्हटलं, अरे, सराय आहे का गिरणी? तू म्हणालास, धूर निघायला उंचीच पाहिजे. पुण्याला ते पोचलं आणि मनीषाच्या मित्रांनी गोष्टच बदलली. म्हणे सरायचा मालक खाली काहीतरी भलतंच जाळतो, म्हणून एवढं धुराडं. तीन रविवार ते त्या तळघरात उतरत होते. त्यांच्या गोष्टीत त्या सरायला अजून 'गिरणी' म्हणतात. तुझ्या चुकीतून लोकांना तीन रविवारांची करमणूक मिळाली. माझ्या वर्गात एवढी चूक केली असतीस तर वही फेकली असती मी.

मी निवृत्त झाले आणि तू मला छपरांवर बसवलंस. तुझा शब्द, "ताई, तू छप्पर शाकार." पेंढा तुला आवडेना, जाड दिसतो म्हणून. मग बहादरपूरच्या शेतातून केळीची वाळलेली सोपटं आणायला आपण स्कूटरवर जायचो. येताना मागे मी, माझ्या मांडीवर भारा, आणि भाऱ्याच्या वर फक्त माझा अंबाडा दिसायचा. सगळं बुरहानपूर बघायचं. मी चिडायची आणि तू मुद्दाम गर्दीच्या रस्त्यानं न्यायचास. सोपटाचे केसाएवढे धागे काढायचे, नखाएवढ्या जुड्या करायच्या, आणि खालून वर एकेक ओळ चिकटवत न्यायची. एका छपराला आठवडा लागायचा. चहाचा चोथा गच्चीवर वाळत घालायचा, तोच पुढे जंगलातला पाचोळा व्हायचा. पाहुण्यांना मी चोथ्याचं खरं कारण सांगायची नाही. खताला लागतो म्हणायची.

खोटं कशाला सांगू, मला ते काम फार आवडलं. शाळा सुटल्यावर माझ्या हातांना काय करायचं ते कळत नव्हतं. तू ते ओळखलंस आणि काही न बोलता माझ्यासमोर एक उघडं घर आणून ठेवलंस. त्याबद्दल तुला कधी शाबासकीसुद्धा दिली नाही मी. आज देते. शाबास, दिनू.

आणि मग ते दार.

तुझ्या सगळ्या घरांची दारं बुटकी. मनीषानं पहिल्या वर्षीच फोनवर सांगितलं, "मॅडम, बाकी सब झकास, पण आमचे बाहुले दारातून जात नाहीत. डोकं अडकतं." तुझा हिशेब एक फुटाला पाच मिलिमीटर. त्यांचे बाहुले बुडाच्या चकतीसकट तीस मिलिमीटर उंच, आणि तुझी दारं चोवीस. मी तुला वहीत मांडून दाखवलं. तू न बघता म्हणालास, "माप बरोबर आहे."

"अरे, पण ते अडकू राहिले ना दारात."

"छत उचलून आत ठेवतात ना? मग दाराची कशाला पंचाईत?"

"दारातून जाता येत नाही ते घर कसलं?"

"ताई, पाहुण्याच्या मापानं घर बांधतात का? जो राहतो त्याचं माप. तू दिमाग नको लावू, तू छप्पर शाकार."

हे भांडण आपण किती वेळा केलं असेल? प्रत्येक घराला एकदा, कमीत कमी. पोळ्या लाटताना केलं, औषधाच्या दुकानासमोर रांगेत केलं, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, आणि शेजारचा माणूस समजला की आपण खरंच घर बांधतोय. त्यानं तुला गवंड्याचा नंबर दिला.

मला सगळ्यात राग कशाचा यायचा सांगू? बुटक्या दाराचा त्रास काय असतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आपल्या स्वयंपाकघराचं दार. मी चार फूट नऊ इंच, मला ते कधी जाणवलंच नाही. तू पाच फूट अकरा. सकाळचा पहिला चहा घ्यायला आलास की ठक्. मी आतून म्हणायची, "उठलास वाटतं." शेवटी तू तिथे वर फोमची पट्टी लावलीस. चौकट उंच करून घे म्हटलं तर म्हणालास, राहू दे, वरच्या कडीला तुझा हात पोचणार नाही मग. त्या पट्टीला तुझ्या कपाळाचा खड्डा पडला आहे, दिनू. तेलकट, गुळगुळीत. रोज त्याच्याखालून जाते मी, आणि माझं कपाळ त्याला पोचत नाही. परवा स्टूल घेऊन चढले आणि त्याला कपाळ टेकवून आले. या वयात स्टुलावर चढते म्हणून तू ओरडला असतास.

एक गोष्ट राहून गेली आहे, ती आज बोलते. आमच्या जुन्या हेडबाई घरी आल्या होत्या, आठवतं? त्यांनी विचारलं, भाऊ काय करतो? मी म्हटलं, "काही नाही हो, खेळणी करतो." तेव्हा मी त्या खेळण्यांची छपरं शाकारत होते, माझ्या नखांत गोंद होता, आणि मी असं म्हटलं. तू पडद्यामागे होतास. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलास आणि म्हणालास, "खेळणीच आहेत. ताई खोटं नाही बोलत कधी." हसून बोललास. पण दोन दिवस खोलीचं दार लावून काम केलंस. मी माफी मागायला तीनदा उठले आणि तीनदा काहीतरी दुसरंच बोलून आले. एकदा म्हटलं, भाजी कोणती करू. मला लाज वाटली होती दिनू, तुझी नाही, हेडबाईंसमोर माझीच. चुकलं माझं.

आणि इंदूरचं. तिथल्या नाटकाच्या नेपथ्यवाल्यांनी तुला बोलावलं होतं, तू तिशीचा होतास. आई गेलीच होती, माझं लग्न काही होत नव्हतं आणि मला करायचंही नव्हतं. तू पत्र वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि संध्याकाळी म्हणालास, "इंदूरचं पाणी मला सूट नाही करत." तू तोवर इंदूरचं पाणी प्यायलाच नव्हतास. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग मला तुला जा म्हणावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. स्वार्थीपणा झाला तो.

आता या शेवटच्या घराकडे येते. मनीषाच्या टोळीची ती लांबलचक गोष्ट या रविवारी संपायची आहे. त्यात मनीषा नावाडीण आहे. पहिल्याच खेळात घर सोडून निघालेली, सहा वर्षं रानोमाळ हिंडलेली, आता परत घरी पोचायची. ते नदीकाठचं घर तिनं तुझ्याकडे मागितलं. तू तापीचा राजघाट डोळ्यांपुढे ठेवून केलंस ते. घाटाच्या पायऱ्या, पाण्याच्या खुणांची शेवाळी रेघ, दोरीनं बांधलेली होडी, ओसरीत वाळत घातलेलं जाळं. चांदीच्या कागदाचा चुरगळलेला गोळा फोमवर दाबून दाबून तू एकेक दगड उठवलास. भिंती झाल्या, रंग झाला, छप्पर मी शाकारलं. दार तेवढं राहिलं. कारण मनीषानं फोनवर गळ घातली होती, "काका, बाकी कुठेही मी छत उचलून ठेवीन. पर हिला तिच्या घरात दारातूनच जाऊ द्या ना. सहा साल झाले." आणि तू पहिल्यांदाच म्हणालास, "बघतो."

मी ऐकत होते. मला मनातून आनंद झाला. जो राहतो त्याचं माप, हा तुझाच नियम, आणि या घरात राहणारी तर तीस मिलिमीटरची. आपल्याच सूत्रात अडकलास, म्हटलं. दोन आठवडे तू त्या कोऱ्या भिंतीसमोर कटर घेऊन बसायचास आणि उठायचास. मी विचारलं की म्हणायचास, "विचार करून राहिलो."

मग दवाखाना. तिसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणालास, "ताई, घाटवाल्या घराचं दार बाकी आहे."

मी म्हटलं, "घरी चल, मग कापू. आणि उंच काप."

तू डोळे मिटून हसलास. "माप खिशात आहे," म्हणालास. मला वाटलं, तापात बोलतोयस. मी चादर सारखी केली आणि औषध आणायला खाली गेले. वर आले तेव्हा आपलं बोलणं संपलं होतं.

गुरुवारी मनीषा आली. आधी तुझ्या फोटोसमोर बसून रडली, मग मीही रडले, मग दोघींनी पोहे खाल्ले. ते घर तिनं कितीतरी वेळ नुसतं बघितलं. म्हणाली, "मॅडम, असंच देऊन द्या. दाराच्या जागी पेन्सिलीनं रेघ मारून घेऊ आम्ही. काकांच्या हातच्या कामाला हात नको लावायला." फार शहाणी पोरगी. मी म्हटलं, "शनिवारी सकाळी ये." ती गेल्यावर कटर हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. मी आयुष्यात एक दार कापलेलं नाही. आणि कापायचं तरी कोणत्या मापानं? तुझ्या का माझ्या? तुझ्या मापानं कापलं तर ती नावाडीण घरात जात नाही. माझ्या मापानं कापलं तर तू गेल्यावर मी भांडण जिंकून घेतलं, असं झालं असतं. मेलेल्या माणसाशी कसलं जिंकणं?

तेव्हा आठवलं, माप खिशात आहे.

दवाखान्यातून दिलेली कपड्यांची पिशवी मी उघडली नव्हती. कपाटाखाली सारून ठेवली होती. शुक्रवारी जेवण झाल्यावर ती काढली. निळा चौकटीचा शर्ट. त्याला अजून तुझा वास होता, फोम जळाल्याचा आणि खोबरेल तेलाचा. खिशात एक कुल्फीची काडी निघाली. अर्ध्यावर कापलेली, हाताळून हाताळून काळपट झालेली, एका टोकापासून थोड्या अंतरावर ब्लेडनं पाडलेली खाच. हीच काडी भिंतीला लावून तू प्रत्येक दाराची खूण करायचास, मी लांबून पाहिलं होतं. जवळ गेले की खिशात टाकायचास. मी उलटी केली. मागे पेन्सिलीनं बारीक अक्षरात एकच शब्द होता. ताई.

मी पट्टी आणली. काडीच्या टोकापासून खाचेपर्यंत चोवीस मिलिमीटर. फुटाला पाच म्हणजे चार फूट साडेनऊ इंच. मी चार फूट नऊ, वर अर्धा इंच अंबाड्याचा. दोनदा मांडून बघितलं, चूक नव्हती.

डोंगरातली सराय, चेटकिणीची माडी, पडक्या किल्ल्यातली चौकी, पुलावरचा नाका. सगळीकडे जो राहतो त्याचं माप. सगळीकडे मी राहत होते. आणि मी वहीत गणितं करून तुला सांगत होते की तुझं माप चुकतंय.

किती रडले ते सांगत नाही. सांगितलं तर तू चिडवशील.

रडून झाल्यावर तोंड धुतलं, तुझ्या खुर्चीवर उशी ठेवून बसले, कारण तुझं टेबल मला उंच पडतं, आणि कटरला नवं पातं लावलं. तुझी काडी भिंतीला लावली. खाचेवर टोकदार पेन्सिल टेकवली. बराच वेळ टेकवून बसले. मग काडी उचलून बाजूला ठेवली आणि पट्टी घेतली. तुझे पाच फूट अकरा इंच. वर अर्धा फूट मोकळी जागा, ठक् होऊ नये म्हणून. बत्तीस मिलिमीटर.

कापताना उजव्या कडेला जरा वाकडं गेलं आहे, तुला दिसेल. ते मी दगडाची झीज म्हणून रंगवून घेतलं, काळं पाणी दोनदा फिरवलं. चौकट सोपटाच्या दांड्यांची केली. कटर ठेवला तेव्हा मनीषाची आठवण झाली. तिची नावाडीण आपोआप मावत होती त्यात. खरं सांगते, कापताना तिचा विचार माझ्या डोक्यात नव्हता.

आज सकाळी मनीषा आली. दार बघितलं आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेली नावाडीण काढली, खांद्यावर वल्हं असलेली. तिला घाटाच्या पायऱ्यांवर उभं केलं. एकेक पायरी चढवत वर आणलं, ओसरीतून, जाळ्याच्या बाजूनं. आणि दारातून आत नेलं. सरळ, मान न वाकवता. डोक्यावर दोन मिलिमीटर जागा राहिली. आत गेल्यावर मनीषानं बोट काढून घेतलं आणि तोंडावर हात ठेवून बसली.

मग म्हणाली, "मॅडम, दार तर उंच झालं. काकांनी ऐकलं शेवटी तुमचं?"

तुझी काडी माझ्या कमरेला खोचलेली होती, पदराखाली.

"हो," मी म्हटलं. "ऐकलं त्यानं."

ताई खोटं बोलत नाही कधी, असं तू म्हणायचास. आज बोलले. घर कापडात बांधून तिच्या हातात दिलं, ती ते मांडीवर घेऊन रिक्षात बसली, आणि मी चहा टाकायला स्वयंपाकघरात आले. दोन कप टाकला. बाकी सगळी घरं माझ्या मापाची होती, दिनू. या एका घरात तू ये. वाकू नकोस.